शिल्लक नसताना केलेली उचल

गेल्या अंकात मुदत ठेवींच्या नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. त्यावर अनेक वाचकांनी दूरध्वनी करून आपापल्या शंका विचारल्या. त्यांची उत्तरे पुढील अंकी देईन. या वेळी मात्र विषय बदलण्याची मुभा वाचकांनी द्यावी. निमित्त घरातलेच आहे.

माझा पुतण्या मार्केट यार्डात भुसार मालाचा व्यापार करतो. वय त्रेचाळीस. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत गादीवर बैठक, मधल्या वेळात चहा आणि फोन. दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. परवा तो घरी आला आणि मोठ्या उत्साहाने म्हणाला, "काका, जानेवारीत मुंबईला हाफ मॅरेथॉन पळतोय. नाव नोंदवलंय, पैसे भरलेत."

मी विचारले, "तयारी किती झाली?"

"तीन-चार वेळा सहा किलोमीटर पळालो. अजून पाच आठवडे आहेत की! आणि तुम्ही तर त्रेसष्टाव्या वर्षी पळालात. मी तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे."

हे ऐकले आणि मी गप्प झालो. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पूर्ण केली, हे खरे आहे. याच मासिकाच्या 'अभिनंदन' सदरात गळ्यात पदक घातलेले माझे छायाचित्रही छापून आले होते. अनेकांनी कौतुक केले आणि ते मी मुकाट्याने घेतले. जमेची बाजू तेवढी प्रसिद्ध झाली. नावेची बाजू घरातच राहिली. अर्धा ताळेबंद प्रसिद्ध करणे ही हिशेबातली लबाडी आहे, आणि त्या लबाडीच्या भरवशावर आता माझा पुतण्या धावायला निघाला आहे. म्हणून उरलेला हिशेब आज वाचकांपुढे मांडतो.

अर्धमॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. पूर्ण मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि १९२१ मध्ये अधिकृत ठरले. हे त्याचे निम्मे. साताऱ्याची शर्यत २०१२ पासून भरते. शहरातून निघायचे, समर्थ मंदिराच्या चौकापुढे यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने उतरून परत यायचे. पावसाळ्याच्या अखेरीस घाट हिरवागार असतो, ढग रस्त्यावर उतरलेले असतात. छायाचित्रे पाहूनच मन मोहून जाते. सकाळच्या फिरण्यातल्या मित्रमंडळींपैकी चौघांनी नावे नोंदवली, त्यात मीही नोंदवले.

नोंदणीच्या अर्जात एक प्रतिज्ञापत्र होते. 'मी वैद्यकीयदृष्ट्या सक्षम आहे, पुरेसा सराव केला आहे, होणाऱ्या परिणामांस मी स्वतः जबाबदार आहे' अशा आशयाचा मजकूर. मी तो वाचला नाही. खाली खूण केली आणि पुढे गेलो. पस्तीस वर्षे कर्जदारांना आणि जामीनदारांना मी समोर बसवून सांगत आलो की, प्रत्येक ओळ वाचा, मगच सही करा. कितीतरी जणांना त्याचा राग येई. आणि स्वतःच्या शरीराचा जामीनदार होताना मी एकही ओळ वाचली नाही.

सोळा आठवड्यांचा कार्यक्रम आखला. एक नवी डायरी आणली, रकाने पाडले. आठवड्यातून तीन दिवस धावणे, एक दिवस व्यायाम, रविवारी लांब पल्ला. सोळा आठवड्यांत मिळून ४०० किलोमीटर. कागदावर कार्यक्रम निर्दोष होता. पहिले चार आठवडे तो पाळलाही. मग पाऊस सुरू झाला. मग नाशिकला लेकीकडे आठ दिवस गेले. जुलैत नेहमीप्रमाणे आप्तेष्टांची प्राप्तिकर विवरणपत्रे आली आणि ३१ तारखेपर्यंत मान वर करायला सवड मिळाली नाही. चातुर्मास बसला तेव्हा रोजच्या चौविहाराचे पच्चक्खाण घेतले होते, अधूनमधून एकासणे होत होते. धावायला जावे तर पायात बळ नसे. जे काही धावलो ते सारसबागेच्या परिसरात, सपाट रस्त्यावर. पर्वतीच्या पायऱ्या हाकेच्या अंतरावर असूनही त्या बाजूला वळलो नाही.

येथवरचे सारे क्षम्य आहे; संसारी माणसाचे असेच होते. क्षम्य नाही ते पुढे. सौभाग्यवतीने सुरुवातीलाच बजावले होते, "सराव झाला तरच जायचं. नाही झाला तर पैसे गेले असं समजायचं." ती अधूनमधून डायरी पाहत असे. म्हणून मी डायरीत आकडे वाढवू लागलो. अकरा किलोमीटर झाले, चौदा लिहिले. नऊ किलोमीटर चाललो, सोळा धावलो असे लिहिले. ३१ मार्चला ठेवींचा आकडा फुगवून दाखवायचा आणि एप्रिल उजाडताच तो खाली येऊ द्यायचा, या प्रकाराला बँकेत 'विंडो ड्रेसिंग' म्हणतात. नोकरीत असताना मला त्याची चीड होती. घरी मी तेच केले. शर्यतीच्या आदल्या दिवशी डायरीतील बेरीज ३१० किलोमीटर होती. खरी बेरीज १६४. एका दमात धावलेले सर्वांत मोठे अंतर ११ किलोमीटर, तेही शर्यतीच्या पाच आठवडे आधी.

आता शरीराच्या खात्याविषयी थोडे सांगतो, कारण हे मला नंतर डॉक्टरांकडून आणि वाचनातून कळले. आधी कळायला हवे होते.

धावायला लागणारे इंधन स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेले असते. सर्वसाधारण माणसाकडे हा साठा सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १६०० ते २००० कॅलरी. सपाटीवर धावताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च होते. माझे वजन ७४ किलो. २१ किलोमीटरला सुमारे १५५० कॅलरी लागणार, आणि घाटाचा चढ त्यावर वेगळा. चरबीही जळते, पण सराव नसलेल्या शरीराला ती लवकर आणि पुरेशी वापरता येत नाही. शिवाय रात्रभराच्या उपवासात यकृतातला साठा बराच उतरलेला असतो. म्हणजे खात्यात जेमतेम रक्कम आणि धनादेश तेवढ्याच रकमेचा.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. सराव सुरू केल्यावर हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात. धाप कमी लागते आणि 'जमतंय की' असे वाटू लागते. पण कंडरा, अस्थिबंध आणि हाडे यांना तयार व्हायला महिने लागतात. दम टिकतो म्हणून माणूस पुढे जातो आणि गुडघा मागे राहतो. तिसरी गोष्ट उताराची. चढ दमवतो, पण मोडतो तो उतार. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे ओझे पेलत असतात. त्या कामाची सवय नसली की स्नायूंचे तंतू सूक्ष्म प्रमाणात फाटतात. हे दुखणे लगेच कळत नाही. एक ते तीन दिवसांनी शिखरावर पोहोचते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी साताऱ्यात पोहोचलो. सूर्यास्तापूर्वी जेवण आणि पाणी झाले. सकाळी साडेसहाच्या सुमारास आम्ही सुटलो तेव्हा पोटात पाण्याचा थेंब जाऊन बारा तास होत आले होते. नवकारसी व्हायला अजून चाळीस मिनिटे होती. पहिले पाण्याचे टेबल मी ओलांडून पुढे गेलो. ढोल वाजत होते, सातारकर दुतर्फा उभे राहून टाळ्या देत होते, शाळेची मुले हात पुढे करून टाळी मागत होती. त्या उत्साहात मी पहिले चार किलोमीटर माझ्या कुवतीपेक्षा फार वेगाने गेलो. जो वेग सारसबागेत कधी साधला नव्हता, तो तेथे साधला आणि त्याचा मला अभिमान वाटला.

घाटात धाप लागली. नवकारसीची वेळ झाल्यावर पाणी घेतले, पण वेळ जाईल म्हणून दोन घोटच. वळणाच्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा दीड तास झाला होता आणि उजवा गुडघा ठणकत होता. खिशात वेदनाशामक गोळी होती. मित्राच्या सल्ल्याने आणली होती. ती घेतली. पंधरा मिनिटांत दुखणे दबले आणि मी उतारावर सुटलो. तेवढा एक सव्वा मैलाचा तुकडा मला अजून आठवतो. वारा समोरून, पाय आपोआप पडताहेत, वय विसरलेले.

सोळाव्या किलोमीटरला दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. रस्त्याच्या कडेला बसलो. एका स्वयंसेवक मुलीने मीठ-लिंबाचे पाणी दिले आणि म्हणाली, "आजोबा, गाडी बोलावू का?" त्या क्षणी होकार दिला असता तर पुढचे सारे टळले असते. पण पदक समोर दिसत होते, मित्र पुढे गेले होते आणि घरी गेल्यावर डायरीने माझ्याविरुद्ध साक्ष दिली असती. मी उठलो. राहिलेले पाच किलोमीटर लंगडत, थांबत, एकेका खांबाला हात देत पूर्ण केले. तीन तास बावीस मिनिटे. पदक मिळाले, छायाचित्र निघाले. परतीच्या प्रवासात दुसरी वेदनाशामक गोळी घेतली.

त्या संध्याकाळी लघवीचा रंग गडद वाटला. थकवा असेल म्हणून कोणाला बोललो नाही. सूर्यास्त झाला, चौविहार लागला, पुन्हा बारा तास पाणी नाही. सकाळी पलंगावरून उठता येईना. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली होती. सौभाग्यवतीने ते पाहिले आणि अर्ध्या तासात मला रुग्णालयात नेले.

स्नायूंना झालेली इजा दाखवणारी 'क्रिएटिन कायनेज' नावाची रक्ततपासणी असते. तिचा सर्वसाधारण आकडा साधारण २०० च्या आत असतो. माझा १८ हजारांच्या वर होता. क्रिएटिनिन २.३. फाटलेल्या स्नायूंतून मायोग्लोबिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना इजा करते. शरीरात पाणी कमी असेल तर धोका वाढतो. त्या अवस्थेत घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. तिन्ही गोष्टी मी एकाच दिवशी जमवल्या होत्या.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी विचारले, "काका, किती आठवडे सराव केला होता?" मी सवयीने म्हणालो, "सोळा." सौभाग्यवती शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही. पिशवीतून डायरी काढून तिने डॉक्टरांच्या हातात दिली. डॉक्टरांनी पाने चाळली आणि म्हणाल्या, "एवढा सराव असता तर असं सहसा होत नाही." तेव्हा मला खरे सांगावे लागले. चार दिवस शिरेतून सलाईन चालू होते. कधी डायलिसिसचा शब्द कानावर पडे, कधी मागे घेतला जाई. सुदैवाने क्रिएटिनिन उतरले आणि सहा आठवड्यांत पूर्ववत झाले. त्या चार रात्री ती खुर्चीत बसून होती आणि डायरीविषयी तिने मला एका शब्दाने विचारले नाही. दोन आठवड्यांनी संवत्सरी आली. दरवर्षी शेकडो लोकांना 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतो. त्या वर्षी पहिल्यांदा तिच्यासमोर ते म्हणताना मला नेमके ठाऊक होते की, मी कशाची क्षमा मागतो आहे.

एक खुलासा आवश्यक आहे, नाहीतर दोष व्रताकडे जाईल. दोष व्रताचा नव्हता. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या आहेत. रोगपीडेत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची वाट त्यातच ठेवलेली आहे. मला ते माहीत होते, पण आजार कबूल करायचा नव्हता म्हणून ती वाट मी घेतली नाही. आणि मुळात ज्या चार महिन्यांत शरीर व्रताला दिले, त्याच चार महिन्यांत ते शर्यतीला देणे म्हणजे एकच तारण दोन ठिकाणी गहाण ठेवणे होते. असा कर्जदार बँकेत माझ्यापुढे आला असता तर मी त्याला उभे केले नसते. आपल्या घरांत तपाची रीतही काही वेगळे सांगत नाही. कोणी अठ्ठाईची भावना बोलून दाखवली की वडीलधारे विचारतात, आधी तेला केला आहेस का? पारण्याला मुगाचे पाणी देतात, पक्वान्न नाही. चढण्याचीही पायरी असते आणि उतरण्याचीही. हे शहाणपण घरात असताना मी ते उपाश्रयापुरतेच ठेवले.

पुतण्याला मी हे सारे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि मग तोच प्रश्न विचारला, जो व्यापारी माणूस विचारणारच. "पण काका, शेवटी पूर्ण केलीत ना?"

मी त्याला म्हणालो, बँकेत तपासणीला अधिकारी येतात तेव्हा कागदपत्रांविना मंजूर केलेले कर्ज सापडले, तर ते फिटले आहे की नाही हे पाहून सोडून देत नाहीत. फिटले तरी तो ठपका राहतोच. कारण ते कर्ज नशिबाने फिटलेले असते, आणि नशिबाने फिटलेले कर्ज पाहून पुढचा अधिकारी तसेच दुसरे मंजूर करतो. माझी शर्यत हे तसले कर्ज आहे. आणि तू ते पाहून दुसरे मागायला आला आहेस.

तो म्हणाला, "पैसे भरलेत." मी विचारले, "भाव पडत असताना, पैसे घातलेत म्हणून तू माल धरून ठेवतोस का?" यावर तो हसला.

ज्यांना खरोखर धावायचे आहे, त्यांना मी परावृत्त करीत नाही. फौजा सिंग यांनी २००० साली वयाच्या ८९ व्या वर्षी लंडनची पूर्ण मॅरेथॉन धावली, ही गोष्ट सगळ्यांच्या मोबाईलवर फिरते. त्यांना प्रशिक्षक होता आणि आयुष्य शेतात राबण्यात गेले होते, हे मात्र सोबत फिरत नाही. माझ्या चुकांतून जे शिकलो ते थोडक्यात असे. चाळिशी उलटलेल्याने, विशेषतः रक्तदाब, मधुमेह वा घराण्यात हृदयविकार असेल तर, डॉक्टरांना दाखवून मगच सुरुवात करावी. पाच किलोमीटर न थांबता धावता येऊ लागल्यावर पुढे बारा ते सोळा आठवडे धरावेत. वेग असा की शेजाऱ्याशी सलग वाक्य बोलता यावे. आठवड्याचे अंतर थोडे-थोडे वाढवावे, दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा हलका ठेवावा. मार्गात घाट असेल तर चढाइतकाच उताराचा सराव करावा. शर्यतीला तीन-चार आठवडे उरले असताना पंधरा-सोळा किलोमीटर सुखाने झाले नसतील, तर त्या वर्षी दहा किलोमीटरचे अंतर घ्यावे किंवा टाळ्या वाजवायला जावे. शेवटच्या आठवड्यात राहिलेला सराव भरून काढता येत नाही. त्याने फक्त थकवा जमा होतो.

आणि तरीही कमी तयारीने कोणी उभा राहिलाच, तर त्याने पहिल्या किलोमीटरपासूनच थोडे धावावे, थोडे चालावे. दमल्यावर चालणे हा उपाय नव्हे. तहानेप्रमाणे पाणी आणि मीठ घ्यावे. भीतीपोटी भरमसाट पाणी पिणेही घातक असते, त्याने रक्तातील सोडियम उतरते. वेदनाशामक गोळी खिशात ठेवूच नये. छातीत दुखले, भोवळ आली तर तेथेच थांबावे. शर्यतीनंतर लघवी गडद झाली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

पुतण्या जाताना माझी ती डायरी मागून घेऊन गेला. मागल्या रविवारी परत द्यायला आला. मी उघडून पाहिली. माझी पाने संपल्यावर एक पान कोरे सोडून त्याने आपल्या अक्षरात नोंद केली होती: 'रविवार. एकूण ७ कि.मी. त्यातले ३ चाललो.' मुंबईला जाणार नाही, असे तो म्हणाला नाही, मीही विचारले नाही. डायरी मात्र मी त्यालाच ठेवायला सांगितली.

जय जिनेंद्र.